प्रकल्प नोंदी : आईच्या गाण्यासोबत वाजवायला दुसरी गिटार

९ जून २०२४

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. घरात आई गाते, पेटी स्वतःच वाजवते, जास्त करून भावगीतं आणि मधूनच एखादं नाट्यपद, आणि मी शेजारी गिटार घेऊन बसतो. माझी गिटार कॉलेजमधली, २००३ ची, मोठ्या अंगाची आणि पूर्ण प्लायवूडची. वाजते अजून, पण आईचा आवाज आता वयानुसार खालच्या पट्टीत आलाय, पूर्वी पेटीवरच्या काळी पाचमध्ये गायची ती आता काळी तीनला स्थिरावली आहे, आणि ही गिटार जरा मोकळ्या हाताने वाजवली की तिच्या आवाजावर चढते, हळू वाजवली की नुसता खर्ज घुमत राहतो आणि मधले सूर कुठे जातात कळत नाही. शिवाय दिवाणावर मांडी घालून बसलं की उजवा खांदा एवढा वर उचलला जातो की दोन गाण्यांनंतर मान धरते.

तर दसरा-दिवाळीपर्यंत दुसरी गिटार घ्यायची. बजेट पंचवीस हजार, त्यात बॅग, तारा आणि सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवून घेणं) सगळं धरून. स्टेजवर वाजवायची नाहीये त्यामुळे पिकअप (आवाज स्पीकरला पोचवायची सोय) नको, कटअवे (वरच्या सुरांकडे हात जावा म्हणून अंगाला घेतलेला काप) नसला तरी चालेल. एका गाणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून हळू आवाजात वाजवली तर सगळे सूर वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत, ही एकच अट, आणि पुढचं सगळं या अटीवर तपासायचं.

१५ जून

नवीन घ्यायच्या आधी जुनीची मापं घेतली, कारण आपल्याला नक्की काय त्रास होतोय हे आकड्यात माहीत नसेल तर दुकानात गेल्यावर नवीन पॉलिश बघूनच सगळं आवडतं. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) जाड तारेची उंची ३.८ मिमी, बारीक तारेची ३ मिमी. स्टीलच्या तारांच्या गिटारला साधारण २.४ ते २.८ आणि १.८ ते २ असली की हात सुखात असतो, म्हणजे ही बरीच वर आहे.

मान सरळ आहे का बघायला पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला, चौदाव्या फ्रेटवर तार दाबली आणि सहा-सात नंबरच्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते पाहिलं. साधारण ०.२ मिमी हवी, आहे पण तेवढीच. म्हणजे ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या धातूच्या सळईला) हात लावायचं काही कारण नाही, दोष दुसरीकडे आहे. ही तपासणी सगळ्यात आधी करावी असं माझं मत आहे, कारण ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर दिसली की लोक लगेच ट्रस रॉड पिळायला घेतात आणि ट्रस रॉडचं काम फक्त मानेचा बाक कमी-जास्त करणं एवढंच असतं.

आता उरला सॅडल, म्हणजे गिटारच्या अंगावरच्या ब्रिजमधली ती पट्टी जिच्यावर तारा टेकतात. बाराव्या फ्रेटला तार १ मिमी खाली आणायची तर सॅडल २ मिमी घासावा लागतो, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. मला १.२ मिमी खाली यायचंय म्हणजे सॅडल २.४ मिमी कमी करायला पाहिजे, आणि तो ब्रिजच्या वर आहेच मुळी ३ मिमी. एवढा घासला तर तारेला सॅडलवरून खाली वळायला कोनच राहणार नाही आणि आवाज मरेल. म्हणून १.२ मिमीच काढायचं ठरवलं. टेबलाच्या काचेवर पॉलिश पेपर चिकटवला, सॅडलची खालची बाजू त्यावर धरून एकाच दिशेने घासली, मधे मधे पेन्सिलची रेघ बघत. वरची बाजू अजिबात घासायची नाही, तिला फ्रेटबोर्डसारखी गोलाई असते. आता जाड तार ३.२ वर आलीये. प्लायवूडची असल्याने पावसाळ्यात ही फार फुगत नाही, म्हणून आत्ता घासायला हरकत नव्हती.

२९ जून

एक गोष्ट लक्षात आली ती लिहून ठेवतो. कॅपो लावून वाजवली की ही गिटार एकदम हलकी होते, आणि कॅपो काढला की पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड दाबताना बोट पांढरं पडतं. म्हणजे नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ आहेत, तार नटपाशीच उंच बसलीये, कॅपो लावल्यावर नटचा संबंध संपतो म्हणून फरक जाणवतो. पडताळा पण सोपा आहे: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली बघायचं, केसाएवढी फट हवी, आमच्याकडे पोस्टकार्ड जाईल एवढी आहे. दुकानात गिटार बघताना हे दोन्ही करायचं, एकदा कॅपो लावून आणि एकदा काढून. फरक फार असला तर नट करून घ्यावा लागेल, तो खर्च किमतीत मिळवायचा.

तारा पण बदलल्या. बारा नंबरचा सेट होता, म्हणजे बारीक तार ०.०१२ इंच, त्याऐवजी अकराचा लावला. बाराच्या सेटचा सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो, अकराने तो बराच उतरतो आणि बोटांना लगेच कळतं. फॉस्फर ब्रॉन्झ घेतल्या. ८०/२० च्या (ऐंशी टक्के तांबं, वीस टक्के जस्त) तारा नवीन असताना जास्त खणखणीत लागतात, ज्यांना पिकने ऱ्हिदम वाजवायचाय त्यांना छान, पण आईच्या पेटीचा सूर आधीच टोकदार आहे, त्याच्याशेजारी मला ऊबदार तार बरी वाटते.

१३ जुलै

आकारावर अभ्यास. माझी जुनी ज्या आकाराची आहे त्याला ड्रेडनॉट म्हणतात, आपल्याकडे बहुतेकांची पहिली गिटार हीच असते कारण दुकानात समोर टांगलेली तीच असते. हा आकार मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये बॉस्टनच्या डिटसन दुकानासाठी काढला आणि नाव १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून पडलं. पुढे १९३० च्या दशकात मार्टिनने तो स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली आणि मोठ्या आवाजाची गरज असलेल्या गवयांनी, बँजो-फिडलच्या मधे बसून वाजवणाऱ्यांनी तो उचलून धरला. मला बँजोच्या वर आवाज काढायचा नाहीये. रुंद कंबर आणि खोल अंग यामुळे खर्ज भरपूर मिळतो आणि तो नेमका पेटीच्या डावीकडच्या, खालच्या सुरांवर जाऊन बसतो, माझी अडचण इथेच आहे.

त्याहून लहान आकार म्हणजे कॉन्सर्ट, ओएम, पार्लर वगैरे. कंबर जास्त आत गेलेली, त्यामुळे मांडीवर नीट बसते, आणि अंग उथळ असल्याने हात वर उचलावा लागत नाही. उदाहरणार्थ यामाहाच्या एफजी ८०० आणि एफएस ८०० या दोन गिटारी घ्या, दोन्हीला सॉलिड स्प्रूसचा टॉप (म्हणजे पुढची पाटी स्प्रूस लाकडाची, थरांची नाही तर एकसंध), दोन्हीची आतली बांधणी एकाच पद्धतीची, पण एफजीच्या अंगाची खोली १०० ते ११८ मिमी आणि एफएसची ९० ते ११०. तारेची लांबी एफजीला ६५० मिमी, एफएसला ६३४.

या ६५० आणि ६३४ चा हाताला काय फरक पडतो ते गणित करून बघितलं. नटपासून पहिला फ्रेट किती अंतरावर येतो ते काढायला लांबीला १७.८१७ ने भागतात. ६५० ला भागलं तर ३६.५ मिमी, ६३४ ला ३५.६. म्हणजे एका फ्रेटमागे जेमतेम ०.९ मिमी, आणि वर जाल तसा आणखी कमी. कागदावर काहीच नाही. पण चार फ्रेट पसरून करंगळी लावायची तर हे सगळं एकत्र जमा होतं, आणि तेवढ्याच जाडीची तार तेवढ्याच सुराला लावली तर लहान लांबीवर ताण साधारण पाच टक्के कमी येतो. दोन्ही मिळून हाताला कळेल एवढं होणार असं वाटतं, हातात घेतल्यावर बघू.

२७ जुलै

दिवसभर झड. खोलीत हायग्रोमीटर ठेवलाय, ८४ दाखवतोय. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, पुण्यात पावसाळ्यात ती कायम वर आणि एप्रिलच्या दुपारी पार वीसपर्यंत खाली, म्हणजे आपल्याकडे लाकडाने वर्षभर फुगायचं आणि आकसायचं हे ठरलेलंच. सॉलिड टॉप घ्यायचा तर ही जबाबदारी पण घ्यायची. प्लायवूडमधे थर उलटसुलट चिकटवलेले असतात म्हणून ते फारसं हलत नाही, आणि हलत नाही म्हणूनच थरथरायला पण कंजूष असतं.

ज्यांना गिटार भिंतीला टांगून ठेवायची आहे, गाडीत टाकून ट्रेकला न्यायची आहे त्यांनी खुशाल लॅमिनेट, म्हणजे प्लायवूडची, घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. मी बॅगेत ठेवणार आहे आणि रोज संध्याकाळी वाजवणार आहे, माझ्यासाठी सॉलिड टॉप. मागची आणि बाजूची पाटी लॅमिनेट असली तरी चालेल, आवाजाचं ऐंशी-नव्वद टक्के काम टॉप करतो असं जे वाजवणारे सांगतात तो आकडा कोणी मोजलेला नसेल पण कानाला ते पटतं.

३ ऑगस्ट

आज पुण्यातली दुकानं. पेठेत आणि कॅम्पात. नोंदी घेत घेत फिरलो.

सॉलिड टॉप आहे की नाही हे लेबल न वाचता बघायचं असेल तर साउंडहोलच्या (टॉपमधल्या गोल भोकाच्या) कडेला डोळा लावायचा. टॉपवरच्या लाकडाच्या बारीक उभ्या रेषा कडेवरून खाली जाडीतही तशाच उतरलेल्या दिसल्या तर लाकूड एकसंध. जाडीत आडवे थर दिसले, मधला थर वेगळ्या रंगाचा दिसला, तर लॅमिनेट. एका ठिकाणी सॉलिड म्हणून दाखवलेल्या गिटारीत चक्क तीन थर दिसले, मी काही बोललो नाही, परत ठेवली.

दुकानात वाजवून बघायची माझी पद्धत ठरलेली आहे. पहिलं पाचव्या-सातव्या फ्रेटपर्यंत जायचंच नाही. चौथ्या फ्रेटला कॅपो, डी चा आकार (डी कॉर्डची बोटांची ठेवण, म्हणजे सा आईच्या काळी तीनला येतो), आणि अंगठ्याने घरी वाजवतो तेवढ्याच हळू. दुकानात आजूबाजूला जोरात स्ट्रमिंग चाललेलं असतं आणि आपलाही हात नकळत जड होतो, आणि जोरात वाजवली की जवळजवळ सगळ्याच गिटारी छान वाजतात. हळू वाजवल्यावर कोणती बोलते ते बघायचं. मग प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतो का. मग एकेक फ्रेट दाबत कुठे तार खरखरते का. आणि शेवटी दुकानातल्याच मुलाला वाजवायला देऊन आपण समोर सहा-सात फुटांवर उभं राहायचं, कारण वाजवणाऱ्याला गिटार वरून ऐकू येते आणि आई ऐकणार ती समोरून.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल पण मनात होती, भावगीताला मऊ लागेल म्हणून. घेऊन बघितली. सूर खरंच गोड, पण नटची रुंदी ५२ मिमी, स्टीलवाल्यांची ४३-४४ असते, माझ्या अंगठ्याला खर्जाच्या तारेवर वरून वळसा घालायची सवय आहे ती इथे बसतच नाही. आणि नायलॉनचा सूर लवकर विरतो. विलंबित भावगीतात एक कॉर्ड सोडून पुढचे चार शब्द तो तसाच राहायला हवा, तिथे स्टीलच पाहिजे. क्लासिकल यादीतून काढली, थोडं वाईट वाटलं.

१७ ऑगस्ट

मुंबई. सकाळच्या डेक्कन क्वीनने गेलो, सीएसएमटीवरून चालत मेट्रो सिनेमाच्या चौकात, धोबी तलाव. इथलं फुर्ताडोस हे वाद्यांचं दुकान १८६५ पासूनचं, आणि याच भागात गोव्याच्या गावागावांचे कूड आहेत, म्हणजे मुंबईत आलेल्या गोवेकरांची राहायची ठिकाणं. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार वाजवणारे किती गोवेकर याच रस्त्यांवरून गेले असतील. आपल्या आईवडिलांच्या पिढीने रेडिओवर जी गिटार ऐकली तिचा रस्ता इथूनच जातो, त्यामुळे इथे गिटार हातात घेताना मला वेगळंच वाटतं.

आज एफजी आणि एफएस शेजारी शेजारी मिळाल्या आणि जुलैतल्या गणिताचं उत्तर पण मिळालं. एफजी जास्त मोठी, जास्त भारदस्त, पहिल्या कॉर्डलाच मन भरतं. एफएस हातात घेतली आणि पहिल्या कॉर्डला थोडी लहान वाटली. मग कॅपो चौथ्यावर लावून अंगठ्याने हळू वाजवायला लागलो आणि चित्र पालटलं, एफएसच्या तिसऱ्या-चौथ्या तारेचा सूर स्वच्छ सुटा येत होता, खर्ज होता पण आपल्या जागी होता. करंगळी चार फ्रेट पलीकडे सहज पडली. आणि बसायला स्टूल होतं तरी मी मुद्दाम पाय वर घेऊन मांडी घातल्यासारखा बसलो, खांदा खाली राहिला.

एक महोगनी टॉपची कॉन्सर्ट आकाराची पण वाजवली. आवाज बंद डब्यातून आल्यासारखा म्हणणारे असतात, मला तसं नाही वाटलं, सूर गोल आणि लवकर थांबणारा, शब्द जास्त असलेल्या गाण्यांना फार सुंदर लागेल. पण पेटी शेजारी असताना वरचे सूर थोडे जास्त हवेत, म्हणून स्प्रूसच.

घ्यायची नव्हतीच आज. आईने ऐकल्याशिवाय घ्यायची नाही हे ठरलं आहे.

२५ ऑगस्ट

लाकडावर एक आडवळणाची नोंद, बजेटशी संबंध नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. भारी गिटारींच्या मागच्या पाटीला जे रोझवूड असतं ते बहुतेक वेळा आपलं शिसव. सह्याद्रीत वाढणारं, आजोबांच्या पिढीच्या कपाटांचं, पाटांचं. आधी मार्टिनवाले ब्राझीलचं रोझवूड वापरायचे, ते मिळेनासं झाल्यावर १९६९ च्या सुमारास त्यांनी भारतातलं शिसव घ्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ते जगभर चालू आहे. ब्राझीलच्या लाकडाच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली. २०१७ मध्ये शिसवाच्या अख्ख्या कुळावरच परवान्याची अट आली, गिटार विकायला सीमेपार पाठवायची तर कागदपत्रं, आणि २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

आमच्याकडे जुना शिसवी पाट आहे. आज त्याच्यावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि शेजारी सागवानी स्टुलावर केली. शिसवाचा आवाज घंटेच्या जवळ जातो, लांब राहतो. सॉलिड शिसवाची पाठ असलेली गिटार या बजेटमधे बसत नाही आणि त्याची खंतही नाही, पण ते लाकूड इतक्या लांब जाऊन इतकं सुंदर वाजतं याचा आनंद आहे.

७ सप्टेंबर

गणपती बसले. आरतीला जुनीच घेतली, आणि इथे तिचं खरं रूप दिसलं: पंधरा-वीस माणसं, टाळ, घंटा, आणि ती मोठी ड्रेडनॉट सगळ्यांच्या खालून भक्कम ठेका देत होती. हिला विकायची नाही हे आज पक्कं झालं. गर्दीचं काम हिचं.

२९ सप्टेंबर

आईला घेऊन दुकानात गेलो, पुण्यातल्याच, एफएस तिथे आली आहे असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आईने पेटी नव्हती तरी पट्टी धरली, मी कॅपो लावला, आणि तिने दोन ओळी हळू आवाजात म्हटल्या. दुकानातला मुलगा मोबाईल बाजूला ठेवून ऐकत उभा राहिला. मग तिलाच म्हटलं तू डोळे मीट, मी आळीपाळीने दोन गिटारी वाजवतो, कोणती ते सांगणार नाही. एफजीला ती म्हणाली, "छान आहे रे, पण मला माझा आवाज शोधावा लागतोय." एफएसला काही बोललीच नाही, गातच राहिली, अंतऱ्यापर्यंत गेली.

एकाच मॉडेलचे दोन पीस होते, दोन्ही वाजवले. लाकूड आहे, फरक असतो. एकाचा टॉप थोडा जास्त दाट रेषांचा पण सूर जरा आखडलेला, दुसरा दिसायला साधा आणि हळू वाजवल्यावर लगेच उघडणारा. दुसरा बाजूला ठेवायला सांगितला, दसऱ्याला नेतो म्हणून.

१२ ऑक्टोबर, दसरा

आणली. पेटी, तानपुऱ्याचा डबा, जुनी गिटार, नवी गिटार, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आईने सोनं दिलं ते आपट्याचं पान बॅगेच्या खिशात ठेवलंय.

दुकानातून आली तशी ॲक्शन: जाड तार २.९, बारीक २.२. वाजवता येते, पण खाली येऊ शकते. सेटअप करणाऱ्या काकांना फोन केला, त्यांचं म्हणणं, "आत्ता सॅडल घासू नका. पाऊस जाऊन महिना होऊ द्या. टॉप अजून फुगलेला असणार, आत्ता खाली घेतली तर थंडीत टॉप बसेल आणि तारा फ्रेटवर आपटतील." हे बरोबरच आहे, सॉलिड टॉप दमट हवेत पोटाशी फुगतो, ब्रिज वर उचलला जातो आणि ॲक्शन वाढते, कोरड्या हवेत उलटं होतं. थांबतो.

पेटीशी सूर जुळवताना एक करावं लागलं. आमची पेटी जुनी, ट्यूनरवर तिचा ए हा सूर नेहमीच्या ४४० ऐवजी ४४३ हर्ट्झच्या आसपास येतो. ट्यूनरचं सेटिंग ४४० वरून ४४३ ला नेलं आणि मग गिटार लावली. गिटार पेटीला जुळवायची, पेटी तर काही हलणार नाही.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

गच्चीवर दूध, सोसायटीतली मंडळी, आणि पेटी वर न्यायला जड म्हणून आई मोबाईलवरच्या तानपुऱ्यावर गायली. इथे आजची मोठी गोष्ट कळली.

मी कॅपो चौथ्या फ्रेटवर, डी चा आकार धरतो, म्हणजे सा येतो काळी तीनवर. या आकारात पहिल्या तारेवर, सगळ्यात वर, ग येतो. पेटीबरोबर तो कधी खुपला नव्हता कारण पेटीचा ग आणि गिटारचा ग एकाच मापाचे, सप्तकाचे सारखे बारा भाग करून काढलेले. आज फक्त तानपुरा होता आणि आईचा ग त्या तानपुऱ्यातून आपोआप निघणाऱ्या ग वर जाऊन बसत होता, आणि माझा गिटारीचा ग त्याच्या किंचित वर, सगळ्यात वरच्या तारेवर, सगळ्यात स्पष्ट. हिशोबाने हा फरक १४ सेंटचा, म्हणजे एका अर्ध्या स्वराचा सातवा भाग. कानाला मात्र दर वेळी टोचत होता.

मग तिथल्या तिथे पहिली तार पाचव्या फ्रेटवर करंगळीने दाबली, कॅपोपासून मोजून पाचवा. तिथे प मिळतो. आता कॉर्डमधे सा, प, सा, प एवढंच, ग नाहीच, तो आईचा. एकदम सगळं मोकळं झालं. जाड तार ड्रॉप डी ला, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली, उतरवली, त्यामुळे खाली मंद्र सा पण मिळाला, आणि गिटार दुसऱ्या तानपुऱ्यासारखी तिच्या खाली पसरली. ही करंगळी ६५० च्या गिटारवर पण पोचली असती, पण पूर्ण गाणंभर तिथे सैल राहिली नसती. इथे राहिली.

२ नोव्हेंबर, पाडवा

या सुट्टीत रागांप्रमाणे कॉर्ड लिहून काढतोय, घरच्या वापरासाठी. भूपावरची गाणी: म आणि नी नाहीत, त्यामुळे त्याच पाच सुरांत पूर्ण बसणारे कॉर्ड दोनच, सा-ग-प हा मेजर आणि ध-सा-ग हा मायनर. डी आकारात डी आणि बी मायनर. बाकी कुठलाही कॉर्ड घेतला की परका सूर आत येतो. दोन कॉर्डांवर अख्खं गाणं कंटाळवाणं होईल असं वाटतं पण नाही होत, खर्जाची तार बदलत राहिलं की पुरतं.

यमन: तीव्र म मुळे रे वरचा कॉर्ड मेजर होतो, म्हणजे डी नंतर ई मेजर. तो तीव्र म तिसऱ्या तारेवर कॅपोच्या पुढच्या पहिल्याच फ्रेटला आहे, आणि या गिटारच्या तिसऱ्या तारेचा सूर इतका सुटा येतो की कॉर्ड हळू सोडला तरी तो तीव्र म उजळून दिसतो. आईने आज दोनदा तिथेच थांबून माझ्याकडे बघितलं.

१० नोव्हेंबर

सेटअप झाला. हायग्रोमीटर ५२. काकांच्या टेबलाशी बसून बघितलं. आधी मान, ट्रस रॉड पाव फेरा, ०.२ मिमी फट. मग नट: प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस असते, खाच नटच्या मागच्या बाजूला किंचित उतरती ठेवत घासतात, म्हणजे तार बरोबर पुढच्या कडेवरून सुटते आणि खुंटी फिरवताना अडकत नाही. दर चार-पाच हातांनी तार बसवून, तिसऱ्या फ्रेटवर दाबून, पहिल्यावर टिचकी मारून बघायचे, हलकी टिक् ऐकू आली की थांबायचे. शेवटी सॅडल, सहा मिनिटांत. आता जाड तार २.४, बारीक १.८, अकराचा सेट. एफ कॉर्ड कॅपोशिवाय सहज लागतो.

काकांनी कॅपो पण बघितला. स्प्रिंगचा होता, तो सगळ्या गिटारींवर एकाच जोराने दाबतो आणि तारा थोड्या चढतात. स्क्रूचा घ्या म्हणाले, लागेल तेवढाच आवळायचा, फ्रेटच्या अगदी मागे लावायचा. घेतला. दर वेळी कॅपो लावल्यावर परत सूर लावायला लागायचा ते जवळपास बंद झालं.

१५ डिसेंबर

हवा कोरडी. खोलीत ३८. फ्रेटबोर्डच्या कडेवरून बोट फिरवलं तर फ्रेटची टोकं किंचित हाताला लागायला लागली आहेत, लाकूड आकसतंय आणि धातू तेवढाच आहे, ही कोरडेपणाची पहिली खूण. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज, नीट पिळून घेतलेला, पाणी ठिबकता कामा नये, आणि डबी बॅगेत मानेच्या जवळ. दर चार दिवसांनी बघायचं. पावसाळ्यात याच जागी सिलिका जेल. एप्रिलपर्यंत हे चालू ठेवणार. ॲक्शन मोजली, २.३, म्हणजे थोडी बसली आहे पण खरखर कुठेच नाही.

टॉपचा रंग पण बदलायला लागलाय असं आईचं म्हणणं, मला अजून दिसत नाही. सूर मात्र ऑक्टोबरपेक्षा मोकळा आहे, नव्या तारा, सेटअप, कोरडी हवा की रोजचं वाजवणं, कशामुळे ते वेगळं काढता येणार नाही.

पुढची कामं: भैरवीसाठी आकार शोधायचा, सगळे कोमल सूर असल्याने डी आकार तिथे अवघडतो, ई मायनरचा आकार कॅपो दुसऱ्यावर लावून बघायचा, तिथेही सा काळी तीनलाच येतो आणि कोमल रे साठी एफ हाताशी आहे. आईने गाणं निवडून ठेवलंय, उद्या संध्याकाळी बसतोय.